शंभर घोडे आणि एक पट्टा

शनिवार, सकाळचे सव्वादहा. जेधे चौकातला सिग्नल हिरवा झाला, मी क्लच सोडला आणि बॉनेटखालून एकच आवाज आला, 'टक्'! मग एकदम शांतता. म्हणजे गाडीत शांतता; मागे मात्र पीएमपीची बस, चार रिक्षा आणि अख्खा सातारा रोड एका सुरात हॉर्न वाजवत होता. सेल्फ मारला तर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भिंगरीसारखं गरगर फिरलं. पण सुरू व्हायचं नाव नाही. 'ताई, न्यूट्रलला टाका, आम्ही ढकलतो,' एक रिक्षावाले काका म्हणाले. एसटी स्टँडकडे निघालेली दोन पोरं बॅगा पाठीला लावूनच मदतीला आली. स्वारगेटला कोणाला वेळ नसतो असं म्हणतात. साफ खोटं!

माझी गाडी म्हणजे २००२ ची फियाट पालिओ, १.६ जीटीएक्स. लाल. निदान मूळची तरी लाल.

कूपेचं स्वप्न, हॅचबॅकचं बजेट

खरं सांगायचं तर मला दोन दारांची स्पोर्ट्स कूपे हवी होती. परदेशी मासिकांत ती कॉलेजची पोरं पॉकेटमनीत जुनी कूपे घेतात आणि गॅरेजमध्ये खोलून बसतात ना, तशी. पण आपल्याकडे स्वस्त कूपे हा प्रकार कधी रुजलाच नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सॅन स्टॉर्म नावाची छोटी टू-सीटर आली होती. फायबरची बॉडी, रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन. पण त्या इतक्या कमी विकल्या गेल्या की आज रस्त्यावर एखादी दिसली तर फोटो काढावा. मग माझ्यासारख्या कडक्या शौकिनांनी काय करायचं? साध्या दिसणाऱ्या गाडीत दडलेलं दणकट इंजिन शोधायचं.

पालिओ भारतात २००१ मध्ये आली. जाहिरातीत साक्षात सचिन तेंडुलकर! त्यातल्या १.६ ला साधारण शंभर बीएचपीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन होतं. त्या काळात फॅमिली हॅचबॅकमध्ये इतकी ताकद म्हणजे सॉलिड चैन. पब्लिकने मात्र आपला नेहमीचा प्रश्न विचारला, 'कितना देती है?' शहरात आठ-नऊ. झालं, विषय संपला. म्हणूनच २०२१ मध्ये ही गाडी मला सत्तर हजारांत मिळाली. बाबा म्हणाले, 'फियाट? म्हणजे टॅक्सी?' त्यांच्या पिढीसाठी फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी. त्यांना काय समजवायचं!

'अजून सेल्फ मारू नका!'

शंकरशेठ रोडच्या मागच्या एका बोळात आमच्या काकांचं गॅरेज आहे. गॅरेज कसलं, एक पत्र्याची शेड, एक जॅक आणि तीस-पस्तीस वर्षांचा अनुभव. मी किल्लीला हात लावताच काका ओरडले, 'थांबा! अजून सेल्फ मारू नका.' मग शांतपणे विचारलं, 'टायमिंग बेल्ट कधी बदलला होता?'

इथे मला खरं बोलावं लागणार होतं. बेल्ट कधी बदलला हे आधीच्या मालकाला माहीत नव्हतं, म्हणजे घेतल्या घेतल्या तो बदलायला हवा होता. माझ्या वहीत तो 'तातडीचं' या यादीत पहिल्या नंबरवर होता. पण फ्रीलान्सरचं काय असतं, लेख छापून येतो आणि चेक येत नाही. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. असे दोन-तीन नव्हे, तब्बल चौदा 'पुढचे महिने' गेले. या काळात मी काय केलं? अलॉय व्हील्स घेतली. सीट कव्हर घेतलं. जे लोकांना दिसतं ते सगळं केलं आणि जे कव्हरखाली होतं ते ठेवून दिलं.

आता हा बेल्ट म्हणजे नेमकं काय? इंजिनमध्ये पिस्टन वर-खाली होतात आणि वरून व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात. दोघांचा ताल जुळवून ठेवतो तो एक दातेरी रबरी पट्टा. या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येतात. पट्टा तुटला की ताल तुटतो, आणि पिस्टन जाऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. काकांनी हेड उतरवून दाखवलं. सोळापैकी अकरा व्हॉल्व्ह वाकले होते. एकेक काढून त्यांनी वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. पार्टीनंतरचे चमचे जणू.

एस्टिमेट? अठ्ठावीस हजार. तोपर्यंत एक भंगारवाला दोनदा येऊन गेला होता. त्याची ऑफर बावीस हजार, रोख, आत्ता. माझ्या खात्यात त्या दिवशी एकतीस हजार होते आणि घरभाडं आठ दिवसांवर.

'तुम्ही काय कराल?' मी काकांना विचारलं.

'मी सांगणार नाही,' ते म्हणाले. 'पैसे तुमचे. पण एक बोलू? गाडीनं तुम्हाला फसवलं नाही.'

रात्रभर झोप नाही. बावीस हजार घेतले असते तर भाडं सुटलं असतं, आणि घरी 'मी सांगितलं होतं' हे ऐकून घेतलं की प्रकरण मिटलं असतं. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. सकाळी घरमालकांना फोन केला, पंधरा दिवस मागून घेतले आणि काकांना म्हटलं, 'करूया. पण मी रोज येऊन बघणार.' 'बघायचं नाही, हात लावायचा,' काका म्हणाले.

नाना पेठेची वारी

पुण्यात स्पेअर पार्टचं पंढरपूर म्हणजे नाना पेठ. स्वारगेटहून सेव्हन लव्हज चौकातून पुढे गेलं की फार लांब नाही. फियाटने २०१९ नंतर भारतात आपल्या नावाची नवी गाडी विकलेली नाही. गंमत म्हणजे रांजणगावचा कारखाना आजही जोरात चालू आहे, तिथून जीप बाहेर पडतात. पण पालिओचा पार्ट म्हटलं की दुकानदार आधी तुमच्याकडे बघतात, मग वर माळ्याकडे. व्हॉल्व्ह तिसऱ्या दुकानात मिळाले, हेड गॅस्केट पाचव्या. बेल्टबरोबर टेन्शनर बेअरिंग आणि वॉटर पंपही घेतला, कारण त्यांच्यासाठी नंतर पुन्हा सगळं खोलणं म्हणजे मजुरी दोनदा.

हेड फेसिंगला गेलं. परत आल्यावर व्हॉल्व्ह घासून बसवायचं काम माझ्याकडे आलं. पेस्ट लावायची, काडीसारखं टूल तळहातांत फिरवायचं, पुसायचं, बघायचं, पुन्हा फिरवायचं. दोन संध्याकाळी गेल्या. नेलपेंटची वाट लागली ती लागलीच. शेवटी कॅमशाफ्ट जागेवर धरून ठेवणारं खास टूल काकांनी काढलं, टर्नरकडून बनवून घेतलेलं. ते नसेल तर या इंजिनाचं टायमिंग अंदाजाने लावू नये, असा त्यांचा दम.

नवव्या दिवशी सेल्फ मारला. एक सेकंद गरगर, आणि मग तो आवाज. काका काही बोलले नाहीत, फक्त चहा सांगितला.

कात्रजपर्यंत आणि परत

रविवारी पहाटे साडेपाचला काका शेजारी, मी स्टिअरिंगवर. सातारा रोड रिकामा असा फक्त याच वेळी दिसतो. जुन्या कात्रज घाटात तिसऱ्या गिअरला गाडी अशी चढली की मी मोठ्याने हसले. स्वारगेट हे नाव घोडेस्वारांच्या चौकीवरून पडलं असं जुने लोक सांगतात. माझे शंभर घोडे त्या दिवशी बरोब्बर हजेरीला होते. बोगद्यापाशी थांबून काकांनी बॉनेट उघडलं, टेम्परेचर, ऑइल, होस पाइप सगळं तपासलं आणि म्हणाले, 'आता शो-बाजी कमी, वही जास्त.'

तेव्हापासून वही चालू आहे. तारीख, किलोमीटर, काय बदललं. रोजच्या कामाला मी मेट्रोच वापरते. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटचं भुयारी स्टेशन सुरू झाल्यापासून कोर्टापर्यंत जायला गाडी काढणं म्हणजे वेडेपणा. गाडी रविवारची. ऑगस्ट २०२७ मध्ये तिचं रजिस्ट्रेशन संपतंय. २०२२ मध्ये रिन्यू केलं तेव्हा फी पाच हजार होती. २०२५ च्या नव्या नियमाने वीस वर्षांवरच्या कारला दहा हजार. शिवाय पर्यावरण कर आणि फिटनेस. बाबा हिशोब करून दाखवतात. मी ऐकते. मग रविवारी तेच विचारतात, 'सारसबागेपर्यंत सोडतेस का?'

जुनी 'दमदार' गाडी घेताय? आधी हे बघा

• बेल्ट कधी बदलला याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच समजा. गाडीच्या किमतीत तो खर्च आधीच धरा.

• गाडी थंड असताना बघायला जा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी बरंच काही लपवते.

• आरसीवरची मुदत, चासी नंबर आणि कर्जाचा बोजा तपासा. रंग नंतर बघा.

• आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीचे रबरी फ्युएल पाइप आणि सील तपासून, गरज असेल तर बदलून घ्या.

• गाडीच्या किमतीच्या निम्मी रक्कम बाजूला ठेवा. अलॉय व्हील्ससाठी नाही!