मिठाच्या मडक्याचं झाकण

आमच्या घरी मिठाच्या मडक्यावर काशाची एक गोल चकती असायची. पावणेपाच इंचाची, जडशीळ. तिच्यावर हातात त्रिशूळ घेतलेली बाई आणि पुढं सिंह. आजी आधी तिला हळदकुंकू लावायची, म्हणून सगळ्यांना वाटायचं अंबाबाई. १९५६ साली बाबासाहेबांनी दीक्षा दिली. मग महारवाड्यातले देव पाटीत भरून येरळेत बुडवले. ही पण पाटीत गेली होती. आजी आडवी आली. "आरं, ती देवी नव्हं! थोरल्याच्या बदली सरकारनं धाडलीया."

थोरला म्हणजे आजोबांचा भाऊ. पहिल्या महायुद्धात बोटीवर गेला, तो गेलाच. चकती मडक्यावर आली आणि तिच्यावरचं त्याचं नाव मिठानं खाल्लं.

ती बाई ब्रिटानिया. लढाईत मेलेल्याच्या घरी इंग्रज सरकार अशी चकती धाडायचं. काठावर इंग्रजीत लिहिलंय, तो स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. ज्याला गावच्या आडात पोहरा टाकता येत नव्हता, त्याच्या घरी हे आलं! हुद्दा मात्र मुद्दाम घालत नसत. मेल्यावर सगळे सारखे म्हणून. त्यामुळं तो कोण होता, ते चकती सांगत नाही.

चुलते सांगायचे, फौजी होता. दर १ जानेवारीला कोरेगावच्या स्तंभापुढं छाती काढून सांगायचे. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

आमचा तासगाव तालुका आज सांगलीत. पण १९४९ पर्यंत तो साताऱ्यात होता. म्हणून कागद शोधायला साताऱ्याला गेलो. एका कचेरीतला कारकून हसून म्हणाला, "तुमच्या लोकांना तेव्हा फौजेत कुठं घेत होते?" हसला त्याचा राग आला, पण बोलला ते बरंचसं खरं. १८९० नंतर महारांची भरती बंद पडली. निवृत्त सुभेदार रामजी आंबेडकर ह्याच साताऱ्यात राहिले, आणि त्यांच्या जातभाईंना पलटणीचं दार बंद. १९१७ ला माणसं कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण काढली, १९२१ ला मोडली. साताऱ्याजवळ अपशिंग्यात त्या लढाईत मेलेल्या ४६ जणांचा दगड आहे. आमच्या थोरल्याला मडकं.

शेवटी मुंबईला मस्जिद बंदरच्या खलाशांच्या वसतिगृहाचा पत्ता लागला. समुद्रात गेलेल्या, मातीसुद्धा न मिळालेल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारक तिथं आहे. युद्धसमाधी आयोगाच्या यादीत त्यांची नावं सापडतात. थोरल्याच्या नावाचे तिघं निघाले. दोघं आगवाले, बॉयलरमधे कोळसा टाकणारे. तिसऱ्यापुढं हुद्दा : टोपास.

टोपास म्हणजे बोटीवरचे संडास-मोऱ्या धुणारा.

गाव कुणाच्याच नावापुढं नाही. पण मला आजीचं एक वाक्य आठवलं. थोरला एकदा सुट्टीवर आला होता, तेव्हा तिनं विचारलं, बोटीवर काय करतोस? तो म्हणाला, "हितं जे करतो तेच. फकस्त पाणी लई."

विहारात जुन्या माणसांच्या नावांची पाटी लागणार आहे. मी त्याच्यापुढं टोपास लिहून दिलं. चुलतभाऊ भडकला. "खलाशी लिही की! पोरं वाचतील." मी म्हटलं, वाचू देत. पाटी अजून पेंटरकडंच पडून आहे.