सोडलं की धरून ठेवलं?

"ताई, चावला हो तो!"

शुक्रवारी रात्री फोन उचलताच हे कानावर आलं. मी पहिला प्रश्न विचारला तो जखमेविषयी नव्हता. "लगेच सोडलं, की धरून ठेवलं?" पलीकडे क्षणभर शांतता. मुलाच्या अंगठ्याजवळ रक्त आलंय आणि ही बाई भलतंच काय विचारते आहे, असं त्या आईला वाटलं असणार. तेवढ्यात मागून मुलाचा आवाज आला. "लगेच सोडलं, मावशी. आणि मग त्याने तोंड लपवलं."

साप कोणता, हे मला ठाऊक होतं. चारच दिवसांपूर्वी मुलाच्या नवव्या वाढदिवसाचे फोटो आले होते आणि त्यात काचेच्या पेटीत दोन फुटांचा नारिंगी कॉर्न स्नेक होता. मुलाने त्याचं नाव केशर ठेवलं होतं. हा साप बिनविषारी, अमेरिकेच्या आग्नेय भागातला, आपल्या धामणीच्या दूरच्या नात्यातला. म्हणून घाबरण्याचं कारण नव्हतं. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली नीट धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन वेळच्या वेळी झालंय ना ते पाहा, लाली किंवा सूज वाढली तर डॉक्टरांना दाखवा, एवढं सांगितलं. फोन ठेवता ठेवता आईने हळूच विचारलं, "ताई, याने डूख तर धरला नाही ना? मुलाच्या खोलीतच असतो तो."

मी डॅलसजवळच्या एका उपनगरात जनावरांची डॉक्टर आहे. माझ्याकडे येतात ते बहुतेक साप, सरडे आणि कासवं. मुंबईला परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकले तेव्हा गायी-म्हशींची डॉक्टर होऊन सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी परत जायचं ठरवलं होतं. आयुष्य वेगळीकडे वळलं. पण तो 'डूख' शब्द मात्र माझ्याबरोबर इथवर आला. आमच्या आजीच्या तोंडी तो रोजचा होता: माणूसही डूख धरायचा, भावकीही धरायची आणि साप तर धरायचाच. साप मारला तर जोडीदार सूड घ्यायला येतो, हे आम्ही शाळेच्या पुस्तकातल्या धड्यासारखं मानत होतो. इथे जन्मलेल्या मुलांना हा शब्द माहीत नाही. त्यांचा समज नेमका उलटा: साप आपल्यावर प्रेम करतो, गळ्यात पडतो, आपल्याला ओळखतो. मला दोन्ही समजुतींची सारखीच काळजी वाटते. दोन्हींत सापाच्या जागी माणूस बसवलेला असतो, आणि माणूस बसवला की सापाकडे पाहायचं राहून जातं.

सापाला समोरच्या हलत्या वस्तूबद्दल दोनच गोष्टी ठरवायच्या असतात. हे मला खाईल का? आणि हे मला खाता येईल का? चावा यांपैकी एकाचं उत्तर 'हो' आलं की बसतो. म्हणून माझा पहिला प्रश्न तो. भ्यालेला साप झटक्यात तोंड मारतो आणि सुटतो, कारण त्याला तुम्ही दूर व्हायला हवे असता. भक्ष्य समजून चावलेला साप सोडत नाही. तो दात रोवतो आणि अंगाचा विळखा घालतो. पहिल्या चाव्याचं औषध सापाच्या घरात शोधावं लागतं, दुसऱ्याचं बहुतेक वेळा आपल्या हातात.

शनिवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. मुलाच्या खोलीत गेल्यावर मी पेटीजवळ गेलेच नाही. दारातच खाली बसले आणि सापाच्या उंचीवरून खोली पाहिली. ही माझी जुनी सवय आहे. पेटी कपाटावर, चारही बाजूंनी उघडी काच, मागे खिडकी. आत लपायला एकच अर्धगोल लाकूड, तेही थंड बाजूला. म्हणजे केशरला ऊब हवी असेल तर उघड्यावर यावं लागणार आणि लपायचं असेल तर गारठावं लागणार. थंड रक्ताच्या प्राण्यापुढे रोज असा पेच टाकणं फार वाईट. ऊब त्याला अन्न पचवायला लागते, आडोसा जिवंत राहायला. एका कोपऱ्यातली ऊब साधारण तीस अंश, दुसरा कोपरा चोवीसच्या आसपास, आणि दोन्हीकडे अंगाला घासेल इतकी अडचणीची जागा, हे कॉर्न स्नेकच्या घराचं पहिलं गणित. दुकानात ते कुणी सांगितलं नव्हतं. पेटी, दिवा आणि साप एकत्र बांधून दिला होता.

पेटीशेजारी हॅमस्टरचा पिंजरा होता. तो बघताच माझा आदल्या रात्रीचा, भीतीच्या चाव्याचा अंदाज डळमळला. हॅमस्टरशी खेळून आलेला हात सापाला उंदीरच वाटतो. मुलाला विचारलं. तो विचार करून म्हणाला, "हो, आधी हॅमस्टरला खायला दिलं होतं. पण हात धुतले होते." मग प्रत्यक्ष काय केलं, ते त्याने करून दाखवलं. झाकण उघडलं, लाकूड उचललं, आणि वरून हात खाली नेला, डोक्याकडे.

तिथे मला हवं ते मिळालं. सापाला वरून येणारी सावली म्हणजे ससाणा. अंगावरचं छप्पर निघून जावं आणि त्याच क्षणी वरून पंजा उतरावा, असं त्याला वाटलं. चार दिवसांत वाढदिवसाला आलेल्या सगळ्या मित्रांनी त्याला एकेकदा हातात घेतलं होतं, हेही बोलता बोलता कळलं. नव्या घरात आणलेल्या सापाला किमान आठवडाभर हात लावू नये, एक-दोनदा तो नीट जेवला की मग बघावं. जेवणं ही त्याची घर मान्य केल्याची खूण असते.

मग मुलगा म्हणाला, "मावशी, त्याचे डोळेपण आजारी आहेत."

आम्ही दोघांनी काचेला नाक लावलं. केशर लाकडाच्या कडेला अर्धवट बाहेर होता. नारिंगी रंगावर राख शिंपडल्यासारखी मरगळ आली होती आणि डोळे दुधात निळीचा थेंब पडावा तसे निळसर पांढरे झाले होते. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक भिंग असतं, आणि कात टाकताना तेही कातीबरोबर निघतं. त्याआधी जुन्या आणि नव्या थराच्या मधे द्राव साचतो, आणि काही दिवस सापाला सगळं धुक्यातून दिसतं. अंग ओढल्यासारखं, नजर अंधूक, अशा वेळी त्याला एकटं राहायचं असतं. आजारी नव्हता तो, कात टाकण्याच्या बेतात होता. पण मुलाने डोळे पाहिले होते. त्या घरात ते दुसऱ्या कुणी पाहिले नव्हते.

"म्हणजे मी दिसलोच नाही त्याला?" त्याने विचारलं.

"काहीतरी मोठं वरून येतंय, एवढंच दिसलं."

"मग तो माझ्यावर चिडलेला नाही?"

"नाही. भ्याला होता."

त्याचा चेहरा बदलला. त्याला चाव्यापेक्षा ते जास्त लागलं होतं: ज्याला आपण नाव दिलं, त्याने आपल्याला नाकारलं. मुलाच्या बोटाचं रक्त थांबतं, पण हे कुणी समजावून सांगितलं नाही तर ते मूल एक तर सापाचा राग धरतं किंवा स्वतःचा.

दुसऱ्या जातीचा, भक्ष्य समजून घेतलेला चावा मला स्वतःला चांगला माहीत आहे. काही वर्षांपूर्वी दवाखान्यात एक बॉल पायथन उपचारांसाठी होता. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला लहानखुरा अजगर, इतका भित्रा की घाबरला की स्वतःचं वेटोळं करून डोकं आत लपवतो. त्याच्या ओठांवर बारीक खळगे असतात आणि त्यांतून त्याला उष्णता कळते. त्या दिवशी मी गोठवलेले उंदीर कोमट पाण्यात ठेवून वितळवले होते, हात नुसते पाण्याने धुतले होते, आणि घाईत पाण्याचं भांडं बदलायला पेटीत हात घातला. उंदराचा वास आणि गरम हात. काही कळायच्या आत तळहाताच्या कडेला दात आणि मनगटाभोवती तीन वेढे. फुत्कार नाही, इशारा नाही. भक्ष्यावर झडप घालणारा साप आवाज करत नाही.

हात ओढायची ऊर्मी फार जबर असते, आणि तीच दाबायची असते. अशा सापाचे दात मागे वळलेले असतात. वरच्या जबड्यात प्रत्येक बाजूला दोन ओळी, खालच्या जबड्यात एकेक. ओढलं की आपलं मांस फाटतं आणि त्याचे दात मोडतात, हिरड्या सोलवटतात. दचकलेल्या बापाने मुलाच्या हातावरून असा ओढून काढलेला साप माझ्याकडे आलेला आहे. त्याचं तोंड सडू लागलं होतं, आणि त्यातून त्याला बाहेर काढायला महिने गेले. म्हणून मी नळाखाली उभी राहिले. सापाचं अंग दुसऱ्या हाताने सावरलं आणि गार पाणी त्याच्या तोंडावर सोडलं. तो ढिला पडला तसा शेपटीकडून एकेक वेढा उलगडला. त्याचा एक दात माझ्या हातात राहिला, तो चौथ्या दिवशी आपोआप वर आला. सापाचे दात आयुष्यभर नव्याने येत राहतात, त्याचं काही बिघडलं नाही. चूक पूर्ण माझी होती. तेव्हापासून पेटी उघडण्याआधी मी साबणाने कोपरापर्यंत हात धुते, आणि नंतरही. नंतरचं धुणं सापांच्या अंगावरच्या साल्मोनेलासाठी. पाच वर्षांखालची मुलं असलेल्या घरात साप ठेवूच नये, असं इथलं सरकारी आरोग्य खातंही सांगतं. केशरच्या घरात तेवढं लहान मूल नव्हतं, हे मी आधी विचारून घेतलं होतं.

मी मुलाला पंधरा दिवसांचं काम दिलं. पहिला आठवडा हात लावायचा नाही. पेटी खाली, भिंतीला टेकवून ठेवायची, तीन बाजूंना कागद, दुसरा आडोसा उबदार बाजूला, हॅमस्टर दुसऱ्या खोलीत. रोज गृहपाठ पेटीशेजारी बसून करायचा आणि जीभ मोजायची. साप जिभेने हवेतले वासाचे कण उचलतो आणि टाळूतल्या एका अवयवाला नेऊन देतो. जीभ सावकाश आत-बाहेर होत असेल तर तो चौकशी करतो आहे. अंग ताठ आणि जीभ बंद, मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे, शेपटी थरथरते आहे, तर तो सांगतो आहे की लांब राहा. मी मुलाला एवढंच म्हटलं, "जीभ थांबली की तूही थांब."

कात टाकून झाल्यावर जेवण, तेही लांब चिमट्याने. बोटांनी कधीच नाही. उंदीर सापाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढा. जेवल्यावर दोन दिवस उचलायचं नाही, नाहीतर तो खाल्लेलं उलटून टाकतो. आणि झाकण फक्त जेवणासाठी उघडत गेलं तर झाकण उघडणं म्हणजेच जेवण, हे साप शिकतो. म्हणून उचलायच्या दिवशी आधी कागदाच्या गुंडाळीने अंगाच्या मध्यावर हलकेच स्पर्श करायचा: आज खाणं नाही, आज हात आहे. मग बाजूने, खालून, दोन हातांवर. आमच्या गावच्या एका सर्पमित्राने मला धामण पहिल्यांदा हातात देताना सांगितलं होतं, "आवळू नको, हाताची फांदी कर." तीस वर्षांत मला याहून चांगली सूचना सापडलेली नाही, तीच मी पुढे दिली.

एक गोष्ट आणखी बोलायची होती, आणि ती आईवडिलांसमोर बोलायची होती. हे घर दर डिसेंबरात साताऱ्याला जातं. भारतातले साप घरी पाळायला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, पण माझी काळजी कायद्याची नव्हती. 2000 ते 2019 या वर्षांत भारतात सर्पदंशाने सरासरी वर्षाला अठ्ठावन्न हजार माणसं गेली, असा अंदाज प्रसिद्ध झालेला आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही आमच्या भागातले. आणि इथेही, याच उपनगराच्या ओढ्याकाठी कॉपरहेड निघतो. तो विषारी, आणि कॉर्न स्नेकसारख्याच तांबूस-तपकिरी रंगाचा. केशरला उचलायला शिकलेला हात दुसऱ्या कुठल्याही सापाकडे जायला नको. मुलाला तीनदा म्हणायला लावलं: थांबायचं, मागे यायचं, मोठ्या माणसाला हाक मारायची. त्याला हे अन्यायाचं वाटलं. मी समजूत काढली नाही. या एका बाबतीत त्याने पटवून घेण्यापेक्षा ऐकणं मला हवं होतं.

दुपारी साताऱ्याहून आजींचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी नातवाचा अंगठा पाहिला, मग साप दाखवायला सांगितला, आणि विचारलं, "दूध देता का रे त्याला?" मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "आजी, त्याला दूध पचत नाही. पाणी पितो तो." आजींनी ते शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मग पाण्याचं भांडं मोठं ठेव, बाळा. त्याला आत बसता आलं पाहिजे." कात टाकणाऱ्या सापाला याचीच गरज असते. मला ते सांगायचं सुचलं नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी मी पुन्हा गेले. मुलाने एका डबीतून कात आणून माझ्या हातात दिली. सबंध, मोज्यासारखी उलटी निघालेली. डोक्याकडची बाजू त्याने खिडकीच्या उजेडात धरली होती. "दोन्ही भिंगं आलीत, मावशी. मी मोजली." कातीबरोबर भिंग आलं नाही तर ते सापाच्या डोळ्यावर चिकटून राहतं, आणि पुढे त्रास होतो. हे मी त्याला सांगितलं नव्हतं. त्याने कुठून तरी वाचलं होतं.

केशर उबदार बाजूच्या आडोशातून डोकं बाहेर काढून होता. रंग नव्या पेटत्या निखाऱ्यासारखा, डोळे स्वच्छ, जीभ सावकाश चाललेली. मी हात पुढे करणार, तोच मुलाने झाकणावर तळवा ठेवला.

"आज नको. काल जेवलाय तो. उद्या पण नाही."

"मग कधी?"

"सोमवारी. शाळेतून आल्यावर. आधी हात धुऊन."

मी हात मागे घेतला, आणि आम्ही दोघं काचेबाहेर बसून त्याची जीभ मोजत राहिलो.