वाऱ्याला वाट ठेवा

विश्रांती म्हणजे काहीही न करणे, असा अर्थ आपल्यापैकी बहुतेक जण घेतात. घरातील वृद्ध व्यक्ती दुखण्यातून उठली की आपण मायेने सांगतो, "आता काही करू नका, स्वस्थ पडून राहा." सांगणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो. परंतु विश्रांतीलाही निगराणी लागते, हे मला समजले ते एका लाकडी होडीमुळे. म्हणून, वाचकहो, आज आपल्याशी होडीविषयी बोलायचे आहे.

आमचे गाव सिंधुदुर्गात, कर्लीच्या खाडीकाठी. माझे वडील, ज्यांना सारे गाव आबा म्हणते, यांनी उभा जन्म खाडीत काढला. त्यांची होडी सोळा फुटी, फळ्या जोडून बांधलेली, वल्ह्यांवर चालणारी. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. वल्ह्याच्या होडीला कायद्याने मुभा आहे. पण उधाणलेला समुद्र आणि खाडीला येणारे लोंढे ही मुभा देत नाहीत. त्यामुळे मे महिना सरता सरता होडी काठावर ओढायची आणि नारळी पौर्णिमेपर्यंत उघड्यावरच सांभाळायची, हा आमच्याकडचा रिवाज. शेड बांधण्याइतकी जागा आणि पैसा प्रत्येकाकडे नसतो.

उघड्यावर ठेवलेल्या होडीचा खरा शत्रू कोण, असे विचारले तर आपण कदाचित समुद्राचे खारे पाणी म्हणाल. प्रत्यक्षात उलटे आहे. मिठामुळे लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला आळा बसतो. पावसाचे गोडे पाणी मात्र तिला पोसते. आमच्या भागात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांतच. लाकडातील ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर ते सहसा कुजत नाही. म्हणून होडीची सारी व्यवस्था दोन गोष्टींभोवती फिरते : पाणी साचू द्यायचे नाही आणि वारा अडू द्यायचा नाही. आबा हेच त्यांच्या मालवणीत सांगत, "पाणी पोटात रवाक नको. वाऱ्याक वाट ठेव."

त्यासाठीचा क्रम ठरलेला असे. ओंडक्यांवरून सरकवत होडी वर आणली की तळाला चिकटलेली कालवे ओली असतानाच खरवडायची, मग गोड्या पाण्याने धुऊन ती पूर्ण वाळू द्यायची. लाकूड पोखरणारी समुद्री कीड या वाळण्यानेच मरते. त्यानंतर काजूच्या टरफलाच्या तेलाचा हात द्यायचा. होडी मातीवर टेकवायची नाही, नाहीतर वाळवी लागते. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांवर फळ्या ठेवून त्यांवर तिचा कणा बसवायचा. सारा भार कण्यावर. बाजूचे टेकू केवळ ती कलंडू नये म्हणून. पुढची बाजू थोडी उंच ठेवून मागचे बूच काढायचे, म्हणजे आत आलेले पाणी आपोआप वाहून जाते. वर बांबूचा सांगाडा करून विणलेले झाप उतरते बांधायचे, पण झाप आणि होडीचा काठ यांत हातभर अंतर सोडायचे. प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट आवळून बांधली तर वरून होडी कोरडी दिसते आणि आत वाफ कोंडून लाकूड सडते. आणखी एक काळजी : फळे धरलेल्या माडाखाली होडी कधी ठेवायची नाही.

चार वर्षांपूर्वी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, आबा पडवीच्या ओल्या पायरीवरून घसरले आणि खुब्यापाशी मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली. वॉकर घेऊन ते घरी आले तेव्हा मे महिना अर्धा सरला होता आणि होडी खाडीतच होती.

तिचे काय करायचे, यावर घरात मतभेद झाले. मुंबईचा माझा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, विकून टाकूया. आबा तिच्यापाशी जाणार, पुन्हा पडणार." त्याच्या बोलण्यात तथ्य होते, गिऱ्हाईकही दारात आले होते. माझी पत्नी म्हणाली, "होडी गेली तर आबा अंथरुणातून उठतील कशासाठी?" त्याही बोलण्यात तथ्य होते. फिजिओथेरपिस्टने सांगितलेले चालण्याचे व्यायाम आबा टाळू लागले होते. "कुठे जायचे आहे मला?" हा त्यांचा प्रश्न आणि आमच्यापाशी उत्तर नव्हते.

अंथरुणावर पडून राहण्याची किंमत किती असते, हे आपणही जाणून घ्यावे. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी व्यक्तींना केवळ दहा दिवस पूर्ण झोपवून ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायूभार कमी झाला. हे निरोगी माणसांचे. हाड मोडलेल्या वृद्धाचे काय होत असेल, याची कल्पना करता येते.

आम्ही होडी ठेवली. मात्र डॉक्टरांना विचारून आबांची कामे ठरवून घेतली. ओढणे, उचलणे, वाकणे त्यांनी करायचे नाही. खळ्यात खुर्ची टाकून ते बसले आणि शेजारच्या सहा तरुणांनी त्यांच्या शब्दावर होडी चिऱ्यांवर चढवली. कोणता टेकू किती सरकवायचा, हे त्यांनी बोटाने दाखवले. पडवीपासून होडीपर्यंतची चौतीस पावले आम्ही खडी टाकून सपाट केली आणि एका बाजूला बांबूचा कठडा बांधला. पायरीला खडबडीत लादी लावली. पावसाने उघडीप दिली की कुणीतरी सोबत घेऊन आबा होडी पाहायला जाऊ लागले : झाप सरकले का, बूच तुंबले का, फळीला बुरशीचा वास येतो का. पहिल्या आठवड्यात ते दहाव्या पावलावर थांबत. श्रावणाच्या तोंडावर चौतीस पावले जाऊन परत येऊ लागले. वेदना संपल्या नव्हत्या. कुठे जायचे, हे मात्र ठरले होते.

आपल्या घरी होडी नसेलही. परंतु परसात पावसाळ्यात एखादी वस्तू झाकून ठेवलेली असेल, तर या काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाची वाढ आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. म्हणून आठवड्यातून एक दिवस 'कोरडा दिवस' पाळून होडी, टायर, कुंड्या रिकाम्या कराव्यात. झाकणाखाली हात घालण्यापूर्वी काठीने आवाज करावा. तेथे साप, विंचू आसरा घेतात. पायाला जखम असेल तर चिखलपाण्यात उतरू नये. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कोकणाला नवा नाही. इतरांनीही रबरी बूट घालावेत. काजूच्या टरफलाचे तेल कातडीवर फोड आणते आणि वृद्धांची त्वचा पातळ असते, तेव्हा ते काम हातमोजे घालून तरुणांनीच करावे.

शुश्रूषा करणाऱ्या वाचकांशी आणखी एक बोलायचे आहे. होडीचा भार एकाच चिऱ्यावर ठेवला तर तेथील फळी दबते आणि वर्षभराने सांधा उघडतो. कण्याखाली तीन-चार ठिकाणी आधार लागतो. घरातील आजारपणही असेच. त्या पावसाळ्यात रात्रीचे उठणे माझ्याकडे, औषधांची वेळ पत्नीकडे, तपासण्यांचा खर्च भावाकडे आणि सकाळची होडीफेरी शेजारच्या मुलाकडे, असे आम्ही वाटून घेतले होते. आपण एकटेच सारे पेलत असाल, तर मदत मागण्यात कमीपणा मानू नका. आणि रुग्णाइतकीच मोकळी हवा आपल्यालाही लागते. दिवसातला अर्धा तास तरी कोंडलेल्या खोलीबाहेर काढा.

नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात घातली तेव्हा तिच्यात पाणी येऊ लागले. नवख्याला वाटावे, ही कामातून गेली. परंतु काठावर वाळलेल्या फळ्या आकसतात. उथळ पाण्यात दोन-तीन दिवस राहिल्या की फुगून सांधे मिटतात. ते दिवस तिला घाईने खोल पाण्यात न्यायचे नसते. दीर्घ आजारानंतर पुन्हा चालू लागलेल्या माणसाचेही तसेच असते. पहिल्या दिवसांतील धाप, थरथर, चिडचिड पाहून "आता जमायचे नाही" असा निकाल लगेच देऊ नये. त्रास वाढतच गेला, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

आबांनी पुन्हा वल्हे धरले नाही. ते धरणार नाहीत, हे त्यांनाही कळले होते आणि त्याचे दुःख त्यांनी लपवले नाही. होडी आज शेजारचा मुलगा चालवतो. ती कधी वर ओढायची, हे मात्र आबाच ठरवतात. सर्व काही पूर्ववत होईल, असे आश्वासन वृद्धांना देऊ नये. ते खोटे असते आणि त्यांना ते कळते. त्यांचे म्हणून एक काम शिल्लक ठेवणे आपल्या हाती असते. आपल्या घरी ते काम शिवणयंत्राला तेल घालण्याचे असेल, तुळशीला पाणी घालण्याचे असेल, हिशेबाच्या वहीचे असेल. अंगाला झेपेल एवढेच असावे, पण खरे असावे. केलेच नाही तर घराचे काही अडेल, असे असावे.

या पावसाळ्यात आपल्या घरातील ज्येष्ठांना अंथरूण-पांघरूण, औषध आणि उबदार जेवण आपण द्यालच. त्याबरोबर त्यांना एवढेही विचारा, की आज कोणते काम तुमच्यावाचून अडले आहे. आणि खोलीची एक खिडकी, पाऊस आत येणार नाही अशी, उघडी ठेवा.