परतीचा बाण

तोतलाडोहाचं पाणी उन्हाळ्यात ओसरतं, उघड्या पडलेल्या बुडीत क्षेत्रात गवत फुटतं, त्यावर चितळांचे कळप उतरतात आणि त्यांच्यामागे वाघ येतो. पेंच व्याघ्रप्रकल्पाचं कारणजाळं, म्हणजे कशामुळे काय घडतं ते बाणांनी दाखवणारं चित्र, मी वर्षानुवर्षं असंच काढत आले. पहिला बाण नागपूरच्या नळांपासून निघतो, कारण शहराचं बरंचसं पाणी पेंचचंच. सभेत पडद्यावर हे चित्र आलं की अधिकारी खुर्चीत पुढे सरकून पाहतात. मला ते फार आवडतं, आजही.

यंदा एका विद्यार्थिनीने त्यात चितळाकडून गवताकडे उलटा बाण काढला. "मॅडम, चरल्यामुळेच तर कोवळं फुटतं ना?" खरंच आहे. पण अशा चित्रांचे नियम मांडणाऱ्या संगणकशास्त्रज्ञ ज्युडिया पर्लच्या रीतीत बाण धरून चालताना निघाल्या जागी परत येता येत नाही. ठरलेला तोडगा म्हणजे काळाचे काप करायचे: या कापातलं गवत, पुढच्या कापातले चितळ. पण काप केवढा? चरलेलं गवत काही दिवसांत फुटतं. कळप एका रात्रीत हलतो. बछड्याला आईपासून सुटायला दीड-दोन वर्षं लागतात. देशभराची व्याघ्रगणना तर 4 वर्षांनी. आठवड्याचा काप घेतला तर वाघाचा आकडाच नाही. वर्षाचा घेतला तर गवत-चितळाची ये-जा एकाच कापात कोंडते आणि वर्तुळ जागच्या जागी राहतं. जनुकशास्त्रज्ञ स्यूअल राइटने 1925 मध्ये मका आणि डुकरांचं असंच जाळं मांडलं, तेव्हा मक्याचं पीक वर्षाला एकदा येतं हा आधार त्याच्यापाशी होता. पेंचमध्ये असं सगळ्यांना लागू पडणारं एक घड्याळ मला सापडत नाही.

गिधाडं का मरताहेत हे कोडं मात्र सुटलं, कारण तिथे बाण परतत नव्हता. डायक्लोफेनॅक हे गुरांना दिलं जाणारं वेदनाशामक मेलेल्या गुरांतून गिधाडांत गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली; 2004 मध्ये ते उजेडात आलं, 2006 मध्ये भारतात गुरांसाठी त्यावर बंदी आली. गिधाडं घटली म्हणून गुरांना औषध टोचणं आपोआप कमी-जास्त झालं नव्हतं.

हल्ली आकडे सॉफ्टवेअरमध्ये ओतून बाणही त्यालाच काढायला लावतात. मला त्याचा राग येतो. पाण्यापासून गवत, गवतापासून चितळ ही साखळी घ्या, ती उलटी करा, किंवा गवतापासून दोन्हीकडे बाण काढा. नुसते आकडे तिन्हींशी सारखेच जुळतात. खरं काय ते बुडीत क्षेत्रात उतरूनच कळेल. थोड्या जागेला कुंपण घालायचं, चितळांना बाहेर ठेवायचं, आतलं-बाहेरचं गवत मोजायचं. त्याला परवानगी हवी, आणि पावसाळ्यात तो तुकडा पाण्याखाली जाणार.

तोवर त्या विद्यार्थिनीचा बाण मी तुटक रेघेने ठेवलाय. गणितात तो येत नाही, आणि तो वगळून काढलेला वाघांचा अंदाज सभेत सांगताना जीभ अडखळते.