तिसरं भोक

पोराने गेमिंग पीसी जोडला. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या. मी म्हटलं, एसएमपीएसच खराब. साडेचार हजार मोजून ५५० वॅटचा नवा आणला. मुंग्या तशाच!

शेवटी वायरमनला बोलावलं. त्याने फेज आणि अर्थिंगमध्ये टेस्ट लॅम्प लावला. पेटलाच नाही. सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेला, मागे वायरच नाही! एसएमपीएसमधल्या फिल्टरमधून थोडा करंट कॅबिनेटवर येतोच, तो अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा. ती वाट नसली की आपल्या अंगातून जातो. स्पाइक गार्डही घेतला होता. अर्थिंगशिवाय त्याचंही काम अर्धवटच.

पीसीत मुंग्यांवर भागलं. गीझर बिघडला तर जीव जातो.

आमच्या सोसायटीत गेटच्या रोषणाईला पैसे लगेच मंजूर होतात, अर्थिंगचा विषय मात्र 'पुढच्या मीटिंगला बघू'. या रविवारी मी तो लेखी मांडतोय. तुम्हीही नवं ग्राफिक कार्ड घेण्याआधी वायरमनकडून तिसरं भोक तपासून घ्या. स्वतः सॉकेट उघडत बसू नका.