मुठीतला घास

जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश हाती आला होता. मुलीचा पासपोर्ट मात्र यायचा होता. न्यू जर्सीहून आलेल्या त्या कुटुंबापुढे त्यामुळे पुण्यातले काही मोकळे दिवस उरले होते. पती, पत्नी, त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा आणि आठच दिवसांपूर्वी संस्थेतून घरी आलेली अडीच वर्षांची मुलगी, अशी चौघे मार्केट यार्डाजवळ आजोबांच्या घरी उतरली होती. रविवारी सकाळी सूनबाई म्हणाल्या, "बाबा, आज सगळे मिळून पुणे पाहू. हिला हिचे गाव न दाखवता कसे न्यायचे?"

आजोबा गाडीत बसले, पण मनाने ते मागेच होते. दत्तक ही गोष्ट त्यांना नवी नव्हती. पेढीवर ज्यांची तसबीर आहे ते त्यांचे आजोबाच मुळी भाऊबंदांतून दत्तक आलेले. नाव आणि पेढी चालावी म्हणून मुलगा दत्तक घेण्याची चाल व्यापारी घराण्यांत जुनीच. जैनांनाही लागू असलेल्या १९५६ च्या कायद्याने मुलगी दत्तक घेण्याची वाटही मोकळी केली. पण ती मुले ओळखीच्या घरांतली, पिढ्या ठाऊक असलेली. जिच्या आई-वडिलांचे नाव कोणत्याच कागदावर नाही, तिचे घरात येणे निराळे. आठ दिवसांत आजोबांनी तिला एकदाही उचलून घेतले नव्हते. कोणी बोलले नाही. पाहिले मात्र सर्वांनी.

वाटेत नातवाने त्यांना लिसा स्थळेकरची गोष्ट ऐकवली. १९७९ साली पुण्यात जन्मलेली ही मुलगी, अवघ्या तीन आठवड्यांची असताना ससून रुग्णालयाच्या 'श्रीवत्स' संस्थेतून हरेन आणि स्यू स्थळेकर यांनी दत्तक घेतली. पुढे ती ऑस्ट्रेलियाकडून खेळली आणि एकदिवसीय सामन्यांत हजार धावा व शंभर बळी अशी कामगिरी करणारी जगातली पहिली महिला ठरली. "आपली बोलिंग करील का?" मुलाने बहिणीकडे पाहत विचारले. ती खिडकीबाहेर पाहत होती.

राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, दौती, अडकित्ते, वज्री पाहता पाहता तास कसा गेला ते कळले नाही. दिनकर केळकरांचा मुलगा राजा बालवयातच गेला. त्याच्या नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला आणि अखेर राज्य शासनाच्या स्वाधीन केला. आजोबा एका पितळी दिव्यासमोर बराच वेळ थांबले. "सारी जिनगानी घातली, आणि नाव लेकराचे दिले," एवढेच ते म्हणाले.

दुपारी सारसबागेत घरच्या दशम्या आणि चटणीचा डबा उघडला. मुलगी पोटभर जेवली, तरी शेवटचा तुकडा तिने तोंडात घातला नाही. मूठ घट्ट आवळून ठेवली. ज्या मुलांचे घर एकदा बदलते, त्यांतल्या काहींना पुढचा घास हाताशी असावा असे वाटते, हे समुपदेशकांनी आधीच सांगून ठेवले होते. सूनबाईंनी ते हलक्या आवाजात आजोबांना सांगितले. ते काही बोलले नाहीत.

उन्हे उतरल्यावर सर्वजण गंज पेठेतल्या महात्मा फुले वाड्यात आले. येथे यायचेच, हा हट्ट मुलाच्या वडिलांचा. अंगणातल्या विहिरीजवळ उभे राहून त्यांनी यशवंताची हकिकत सांगितली. फुले दांपत्याने १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्यांच्या आश्रयाला आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा हा मुलगा. त्याला त्यांनी दत्तक घेतले आणि तो पुढे डॉक्टर झाला. १८९० च्या नोव्हेंबरात जोतीराव गेले, तेव्हा टिटवे धरण्याच्या त्याच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद काढला. मग सावित्रीबाईंनी स्वतःच टिटवे हाती घेतले.

"आणि मिळकत?" आजोबांनी विचारले. प्रश्न व्यापाऱ्याचा होता, तसाच रोखठोक.

"जोतीरावांनी मृत्युपत्र करून ठेवले होते, बाबा. यशवंताच्या नावे."

"नोंदवलेले?"

"हो, रीतसर नोंदवलेले."

आजोबांनी मान हलवली. खूप वर्षांनी एखादा हिशेब जुळावा तशी.

निघायला उशीर झाला. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे म्हणून उरलेल्या दशम्या गाडीतच वाटल्या गेल्या. स्वारगेटला वाहनांची रांग हलेना. पेंगुळलेली मुलगी आईच्या खांद्यावरून घसरू लागली, तेव्हा आजोबांनी हात पुढे केले. "दे इकडे तिला. दिवसभर तूच घेतली आहेस."

त्यांच्या मांडीवर ती क्षणभर ताठ झाली, मग झोपली. मूठ मिटलेलीच होती. बाहेर दिवे लागले होते. सूनबाईंनी तो तुकडा काढून घ्यायला हात नेला. ज्या घरात चाळीस वर्षे दिवस मावळल्यावर कोणाच्या हातात अन्नाचा कण दिसला नव्हता, त्या घराच्या कर्त्याने खिडकीबाहेरच्या अंधाराकडे एकदा पाहिले.

"राहू दे," आजोबा म्हणाले, आणि आपल्या उपरण्याचे टोक त्यांनी तिच्या मुठीवर ओढले.