टाचेवरच्या थेंबाचं ऋण

आईवडिलांचं, गुरुजनांचं ऋण आपण मानतो. माझ्या लेकीच्या बाबतीत मी ज्यांची जन्मभराची ऋणी आहे, त्यांच्यापैकी अनेकांचं तोंडही मी पाहिलेलं नाही.

लेक जन्मली ती चांगली गुटगुटीत. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब जाड टिपकागदावरच्या वर्तुळांत टिपून घेतले. अहवाल आला: टीएसएच हे हार्मोन फार वाढलेलं, म्हणजे थायरॉइड ग्रंथी जेमतेम काम करतेय. पुन्हा रक्त तपासलं आणि त्याच दिवशी औषध सुरू झालं. अशा बाळाला पहिल्या काही आठवड्यांत थायरॉक्सिन हे थायरॉइडचं हार्मोन मिळालं नाही, तर मेंदूच्या वाढीचं जे नुकसान होतं ते पुढे भरून येत नाही. आणि दिसायला बाळ धडधाकट असतं. रोज पहाटे गोळी दोन चमच्यांमध्ये चुरायची, थोड्या दुधात कालवायची आणि गालाच्या आतून हळूच सोडायची, हा आमचा नेम झाला.

पण रक्तातलं इतक्या सूक्ष्म प्रमाणातलं हार्मोन मोजायला शिकवलं कुणी? न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या, माजी सैनिकांसाठीच्या सरकारी रुग्णालयात भौतिकशास्त्रज्ञ रोझलिन यॅलो आणि डॉ. सॉलोमन बर्सन इन्सुलिनवर काम करत होते. इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांच्या रक्तात त्याला धरून ठेवणारी प्रतिद्रव्यं तयार होतात, असं त्यांना दिसलं. ते तज्ज्ञांना पटेना. १९५५ मध्ये त्यांचा निबंध साभार परत आला. त्याच धरून ठेवण्याचा त्यांनी तराजू केला. किरणोत्सारी खूण केलेलं हार्मोन आणि रुग्णाचं हार्मोन प्रतिद्रव्यावरच्या जागेसाठी झगडतात. खुणेचं जितकं कमी चिकटेल, तितकं रुग्णाचं जास्त. १९६० च्या सुमारास ही पद्धत सिद्ध झाली. दोघांनी तिचं पेटंट घेतलं नाही. १९७७ मध्ये यॅलो यांना नोबेल मिळालं; बर्सन १९७२ मध्येच गेले होते.

मग कॅनडाच्या क्युबेक प्रांतात डॉ. जाँ दुसो यांनी कागदावर वाळलेल्या थेंबातून थायरॉक्सिन मोजून दाखवलं. १९७४ पासून तिथे नवजात बाळांची ही तपासणी सरकारी खर्चाने सुरू झाली. आजची यंत्रं बदलली आहेत, खुणा किरणोत्सारी राहिल्या नाहीत. पाया मात्र तोच.

यातला बराचसा पैसा करदात्यांचा होता. इन्सुलिनवरच्या त्या कामातून हजारो मैलांवरच्या, अजून जन्मायच्या मुलीचा मेंदू वाचणार आहे, हे कुणाला ठाऊक होतं? नफ्याचा हिशेब आधी मागितला असता, तर हे काम उभंच राहिलं नसतं. म्हणून संशोधनावरच्या सरकारी खर्चाला कुणी उधळपट्टी म्हटलं, की मला गप्प बसवत नाही.

लेक आज कॉलेजात आहे. रोज सकाळी उपाशीपोटी स्वल्प किमतीची एक गोळी घेते. आपल्या देशात साधारण हजार बाळांत एकाला हा आजार असतो, तरी सगळ्या प्रसूतिगृहांत ही तपासणी अजून होत नाही. तुमच्या घरी बाळ येणार असेल, तर टाचेच्या रक्ताची टीएसएच तपासणी मागून घ्या, आणि सरकारी दवाखान्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळालाही ती मिळावी म्हणून आग्रह धरा.